शेवटचा टेकू

४ मार्च

धाकट्या,

पत्राच्या डोक्यावर आशीर्वाद लिहितात, तेवढी जागा कोरी सोडली आहे. बावीस वर्षांनी एकदम आशीर्वाद द्यायला मला तोंड नाही आणि तूही काही त्यांची वाट बघत बसलेला नाहीस. तुझा पत्ता जुन्या लोखंडवाल्याकडून मिळवला. फोन नंबर त्याच्याकडे नव्हता, असता तरी घेतला नसता. फोन तू कापला असतास. पत्र फाडायला निदान दोन हात लागतात.

घाबरू नकोस, काही मागायचं नाही. बातमी चांगली आहे. आमच्या इमारतीच्या गच्चीवर सगळ्यांनी मिळून भाजीची बाग करायचं ठरलं आहे. तळमजल्यावर एक निवृत्त शिक्षिका राहतात, सगळे त्यांना नुसतं बाई म्हणतात. हे खूळ त्यांच्या डोक्यातलं. शाळा सुटली तरी त्यांचा आवाज काही सुटला नाही. त्यांनी बोट दाखवलं की आमचा सेक्रेटरीसुद्धा बाकावरून उठल्यासारखा उभा राहतो. मला म्हणाल्या, "मिस्त्री, नुसते जिने काय चढता-उतरता? वाफ्यांच्या पेट्या करून द्या." दिल्या. जुन्या खोक्यांच्या फळ्या काढून बारा पेट्या केल्या. कोपरे खाच पाडून जोडले, खिळा एक नाही. तू असतास तर म्हणाला असतास, पालकाला कशाला एवढी मिजास.

खरं सांगायचं ते आता सांगतो. तुझी वहिनी काल गच्चीवर गेली.

यात काय मोठं, असं तुला वाटेल, कारण तुला काहीच ठाऊक नाही. कळवलं नव्हतं, ती चूक माझी. आमची पोर, तू जिला सळई म्हणून चिडवायचास, ती गेली. नऊ वर्षं झाली. एकोणीस वर्षांची होती. ताप डोक्यात गेला आणि चार दिवसांत सगळं आटोपलं. तेव्हापासून तुझी वहिनी तिच्या खोलीत राहते. स्वयंपाकाला बाहेर येते, भांडी घासते, पुन्हा आत जाते आणि दार लोटून घेते. कडी घालत नाही. पण लोटलेल्या आणि कडी घातलेल्या दारात काय फरक असतो ते मला नऊ वर्षांत कळलं नाही. आत दुसऱ्या कुणाचा पाय पडलेला तिला चालत नाही, माझाही नाही.

काल बाईंनी जिन्यातून हाक मारली, "अहो, पालकाचं बी किती खोल टाकायचं हो?" बाईंना हे ठाऊक नसेल असं मुळीच नाही. पण हिचं माहेर शेतीवाडीचं, हिला राहवलं नाही. दार उघडलं, चपला घातल्या आणि वर गेली. तासाभराने आली तेव्हा नखांत माती होती. हात न धुता माझ्यासमोर बसून जेवली. मी मान खाली घालून जेवलो, कारण वर बघितलं असतं तर रडलो असतो.

एवढंच कळवायचं होतं. थंडीत तुझी करंगळी अजून ठणकते का?

दादा

ता. क. गच्ची कोणती ते तुला सांगायला नकोच. आम्ही अजून तिथेच, गच्चीखालच्या चौथ्या मजल्यावर राहतो.


२७ मार्च

धाकट्या,

तुझं उत्तर नाही. मी धरूनही चाललो नव्हतो.

माती वर चढली. पोती घेऊन ट्रक आला आणि तळापासून गच्चीपर्यंत माणसांची रांग लागली. प्रत्येक पायरीवर एक जण. दुसऱ्या मजल्यावरचा ड्रायव्हर, जो कुणाला सरळ नमस्कार करत नाही, तो चक्क गाणी म्हणत होता. समोरच्या घरातली नर्स रात्रपाळी करून आलेली, तरी उभी राहिली. पोतं हातातून हातात जात वर येई आणि वर तुझी वहिनी पदर खोचून सांगे, इथे ओता, तिथे ओता. पेट्यांत वीतभर माती भरली.

ट्रक रिकामा होत असताना सेक्रेटरीने विचारलं. शहाणा माणूस आहे, आपल्याला वाटतो तेवढा खुळा नाही. म्हणाला, "मिस्त्री, ही इमारत बांधताना तुम्ही होतात ना हो? सेंटरिंग, टेकू-फळ्या सगळं तुमचंच होतं म्हणे. गच्चीला एवढं वजन झेपेल ना?"

जिन्यातली रांग थांबली. सगळे माझ्याकडे बघत होते. तुझी वहिनीही कठड्यावरून वाकून बघत होती.

मी म्हणालो, "हत्ती नाचवा."

लोक हसले, पोती पुन्हा चालू झाली. आता तूच सांग, बावीस वर्षं उभा असलेला स्लॅब आहे. पडायचाच असता तर कधीच पडला असता. ठेकेदार मरून गेला, त्याची पोरं परदेशी गेली, आणि गच्ची आहे तिथे आहे. मला तर वाटतं तेव्हा तू उगाच राईचा पर्वत केलास. असो. जुनं उकरायला पत्र लिहिलेलं नाही.

दादा


९ मे

धाकट्या,

भोपळ्याचा वेल कठड्यावर चढला आहे. टोमॅटो हिरवे आहेत, घेवडा फुलावर आहे. बाईंना आता वीतभर माती पुरेना. मुळं खोल जायला हवीत म्हणाल्या, म्हणून पेट्या दुप्पट उंच केल्या आणि आणखी दोन ट्रक माती आली. शिवाय लिंबाची सहा झाडं, पिंपांत. ड्रायव्हर म्हणाला, "बाई, अति तिथे माती म्हणतात ते हेच का?" बाई त्याच्यावर महिनाभर पुरेल एवढं रागावल्या. मीही हसलो.

एक गंमत झाली. सळईच्या खोलीचं दार लागेनासं झालं आहे. वर, कडीच्या बाजूच्या कोपऱ्यात चौकटीला घासतं आणि चार बोटं उघडं राहतं. सुताराच्या घरचं दार लागत नाही म्हटल्यावर लोक काय ते म्हणतील. म्हणू देत. रंधा काढून दोनदा त्या दारापर्यंत गेलो आणि परत ठेवला. त्या चार बोटांतून मला ती दिसते. दुपारी वरून दमून येते आणि आडवी होते. तिला झोपलेली मी नऊ वर्षांनी पाहिली, धाकट्या. तोंड थोडं उघडं राहतं, आधी राहायचं तसंच.

हे दार मी तासणार नाही. दार जिथे टेकतं तिथे चौकटीवर पेन्सिलीने एक रेघ तेवढी मारून ठेवली आहे, सवयीने.

दादा


२ जून

धाकट्या,

आमच्या मजल्यावर माझी चलती आहे सध्या. आधी नर्स आली. तिच्या न्हाणीघराचं दार अडकलं होतं, ती बिचारी आत अर्धा तास. तासून दिलं. मग तिच्या शेजारच्या जोडप्याचं बाहेरचं दार. मग कोपऱ्यातल्या घराची दोन. मग याच घरांची आतली तीन. पंधरा दिवसांत सात दारं झाली. बिजागरीवरून उतरवायचं, जिन्यात आडवं घालायचं, वरची कड रंध्याने पातळ करायची, तेल लावायचं, परत चढवायचं. बोटाने ढकलली की लागतात, आवाज नाही. लोक म्हणतात, मिस्त्रींचा हात म्हणजे हात आहे. चहा पाजतात. मी या इमारतीत बावीस वर्षं राहतो, पण कुणाच्या घरात बसून चहा प्यायलो नव्हतो.

मी त्यांना सांगतो, हवेत ओल आली की लाकूड फुगतं.

तुला मी हे सांगू शकत नाही, तू लोखंडातला असलास तरी वाढलास लाकडातच. ओलीने फुगलेलं दार खाली घासतं, कडेला घासतं. ही सगळी वर घासतात. आणि तुला आठवत असेल, वीट वाचवायची म्हणून ठेकेदाराने या मजल्यावर दारावर भिंतच घेतली नाही. चौकटी थेट स्लॅबला भिडवल्या. मीच भिडवल्या.

सहज विचारतो. हात-दीड हात खोल माती, ओली झाली की किती पटीने जड होते? तुला माहीत असेल तर एका ओळीत लिही. नसेल लिहायचं तर राहू दे. चोराच्या मनात चांदणं, तसं माझं चाललं आहे.

दादा


१९ जून

धाकट्या,

तीन दिवस पाऊस थांबलेला नाही.

ती वर गेली की मी चोरासारखा सळईच्या खोलीत जातो. तिथली टेबलावरची वही अजून उघडी आहे, तिच्याकडे बघत नाही. आज स्टूल घेऊन छताला दोरी लावली. या भिंतीला एक खिळा, त्या भिंतीला एक, मध्ये दोरी ताणून, दोन्ही टोकांना छतापासून दोन बोटं खाली. खोलीच्या मध्ये ती छताला टेकली. टेकून खाली दबली. म्हणजे पोट सुटलं आहे, आणि दोन बोटांहून जास्त सुटलं आहे. चौकटीवरच्या माझ्या रेघा आता पाच झाल्या. छताला एक चीर होती, केसाएवढी. मी तिच्यात चुना भरला आणि हात धुऊन बाहेर आलो. तिला काही कळलं नाही.

आता लिहितोच. इतके दिवस तुला भाजीपाला सांगत बसलो, काखेत कळसा आणि गावाला वळसा.

एकवीस दिवस ठेवायचे टेकू आपण नवव्या दिवशी काढले. आपण नाही, मी. ठेकेदाराला फळ्या दुसऱ्या कामावर हव्या होत्या आणि मला हे घर स्वस्तात हवं होतं. तू सांगत होतास, सळया मी बांधल्यात, वर एक थर कमी आहे, हा स्लॅब कच्चा आहे, दादा, थांब. बाकीचे सगळे टेकू पडले आणि शेवटच्याला तू मिठी मारून उभा राहिलास. मी हातोडा मारला. तुझी करंगळी मध्ये होती. मी सगळ्यांना सांगितलं, चुकून लागला. आईलाही तेच सांगितलं. चुकून नव्हता लागला. बोट मला दिसत होतं.

टेकू सुटला तेव्हा वरून एक आवाज आला होता, आठवतो? तू माझ्याकडे बघितलंस. मी म्हणालो, लाकडाचा आहे. लाकडाचा नव्हता.

आणि तरी मी अजून कुणाला काही बोललेलो नाही. तोंड उघडलं की बाग जाणार. बाग गेली की ती पुन्हा आत जाणार, आणि या वेळी बाहेर येणार नाही. काल तिने मला नावाने हाक मारली, लिंबाला पहिलं फूल आलं ते दाखवायला. चार घरांची माणसं त्या छताखाली झोपतात हे मला कळतं. मी रोज हिशेब करतो आणि रोज लिंबाचं फूल जिंकतं. असा नालायक आहे तुझा भाऊ.

तू काय केलं असतंस ते विचारत नाही. तू ते केलं होतंस.

दादा


२५ जून

धाकट्या,

कार्ड पोचलं. बावीस वर्षांनी तुझं अक्षर पाहिलं, अजून तसंच वाकडं आहे. बाराखडीही न येणाऱ्या पोराला पाठ होईल एवढाच मजकूर, तरी मी दिवसभर वाचतो आहे.

"आधी माणसं खाली. मग माती. मग तू."

रविवारी सकाळी पहिली भाजी काढायची म्हणून अख्खी इमारत गच्चीवर जमणार आहे. त्रेचाळीस माणसं. बाईंनी यादी केली आहे. त्याआधी बोलतो.

दादा


२८ जून

धाकट्या,

पहिलं काम झालं. कसं झालं ते ऐक.

शनिवारी सेक्रेटरीकडे गेलो. म्हणालो, उद्या गच्चीवर कुणाला जाऊ देऊ नका, स्लॅब वाकला आहे. तो चष्मा पुसत म्हणाला, "मिस्त्री, हत्ती नाचवा म्हणाला होतात तुम्ही." मी म्हटलं, चुकलं. तर म्हणतो, स्लॅब वाकला असता तर वरच्या मजल्याची दारं नसती का अडकली? माझ्यादेखत उठला, वर आला आणि एकेक दार उघडून लावून बघितलं. मी तासलेली सातही दारं, सगळी बोटाने लागली. नर्स म्हणाली, "उलट आता तर लोण्यासारखी चालतात." सेक्रेटरी माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, वय झालं की मनात नाही नाही ते येतं. मी तिथेच उभा राहिलो. माझ्याच रंध्याने माझी जीभ कापली होती.

रविवारी पाऊस उघडला. सकाळी माणसं टोपल्या घेऊन वर जायला लागली. मी जिन्यात आडवा उभा राहिलो. हात जोडले, ओरडलो. ड्रायव्हर म्हणाला, "काका, बाजूला व्हा, लहान मुलं घाबरतात." बाई तेवढ्या थांबल्या. म्हणाल्या, "पुरावा काय?"

पुरावा एकच होता, आणि तो नऊ वर्षं कुणाला न दाखवलेल्या खोलीत होता.

 तुझी वहिनी माझ्या मागे उभी होती, हातात टोपली. तिने माझ्या तोंडाकडे बघितलं, मग त्या दाराकडे. दीड-दोन महिने ते दार लागत नव्हतं आणि मी सुतार असून हात लावत नव्हतो, हे तिलाही दिसत असणारच. तिने टोपली खाली ठेवली आणि म्हणाली, "या. सगळे या."

आली माणसं. चपला काढून, एकामागून एक. सळईची वही, तिचा स्वेटर, सगळ्यांमधून जपून पावलं टाकत. ती दार ढकलून दाखवत होती, ते चार बोटांवर नाही, आता वीतभर आधीच अडकत होतं. माझ्या रेघा दाखवल्या. मग सेक्रेटरीने वर बघितलं. चुना गळून पडला होता आणि चीर करंगळीएवढी रुंद झाली होती.  बाई हलक्या आवाजात म्हणाल्या, "मुलांनो, रांग करा. धावायचं नाही." आणि माणसं उतरली.

दादा


६ जुलै

धाकट्या,

मातीही उतरली. बरीचशी. एका वेळी वर दोघंच, पोतं दोरीने खाली सोडायचं, असं सात दिवस. अंगणात केवढा ढीग झाला आहे. भोपळे त्यातच लोळत पडलेत. आमच्या मजल्यावरची तीन घरं नातेवाइकांकडे गेली. बुधवारी तपासणीला सरकारी माणूस येणार आहे. एक नवीन काळजी अशी की पेट्या हलल्या आणि मधल्या खोलगट जागेत पाणी साचायला लागलं. पाणी जायची नळी कडेला, उंचावर राहिली. उपसलं की पाऊस पुन्हा भरतो. टेकूंची लाकडं मी आणून जिन्यात रचली आहेत, पण लावायला हात धजत नाही. सळया कुठे आहेत ते मला नीट आठवत नाही, आणि चुकीच्या जागी टेकू लावला तर त्याच जागी स्लॅब फाटतो. हे तुझंच वाक्य.

राहिलं तिसरं. "मग तू."

आज संध्याकाळी ढिगाशेजारी सगळे जमले होते. मी सांगितलं. नववा दिवस, ठेकेदार, स्वस्तातलं घर, तुझी करंगळी. काही ठेवलं नाही. वाटलं होतं अंगावर धावून येतील. कुणी हललं नाही. मग बाईंनी विचारलं, वर्गात विचारतात तसं, राग नाही, काही नाही: "ते तरुणपणी झालं. पण दारं? दारं का तासलीत, मिस्त्री?"

 टेकू दुसऱ्याच्या सांगण्यावरून काढले होते. दारं तासायला मला कुणी सांगितलं नव्हतं. माणसं आत अडकून ओरडत होती, घर त्यांना सांगत होतं, आणि मी जाऊन घराचं तोंड बंद करत होतो, वर चहा पीत होतो. नर्स माझ्याकडे बघून रडायला लागली. तिची म्हातारी आई त्या घरात झोपायची.

तुझी वहिनी तिथेच उभी होती. तिला टेकूंचं आजवर ठाऊक नव्हतं. मला वाटलं होतं त्याबद्दल विचारेल. तिने दुसरंच विचारलं. "आमचं दार तेवढं का नाही तासलंत?"

मी म्हणालो, "तू दिसायचीस."

 मग म्हणाली, "म्हणजे मी दिसावी म्हणून तुम्ही एवढ्या माणसांना छताखाली झोपवलंत." आणि जिना चढून वर गेली. मी मागोमाग गेलो, सामान बांधायचं होतं, उद्या आम्हीही बाईंकडे खाली जाणार आहोत. ती आत जाऊन दार ढकलत होती. दोन्ही हातांनी, खांद्याने. लागत नव्हतं. मी बाहेर बसून राहिलो.

दादा


७ जुलै, दुपारी दोन

धाकट्या,

ही चिठ्ठी देईल तो आमच्या दुसऱ्या मजल्यावरचा ड्रायव्हर. गाडी खाली उभी असेल. पायात चपला घाल आणि बस. पुढचं गाडीत वाच.

सकाळी मी गाठोडी घेऊन खाली गेलो होतो. तेवढ्यात तिने माझा रंधा घेतला. सुताराच्या घरात तीस वर्षं काढलेल्या बाईला रंधा कसा धरायचा ते शिकवावं लागत नाही. वर आलो तर उंबऱ्यात सालपटांचा ढीग होता आणि दार लागलेलं होतं. आतून कडीचा आवाज आला. नऊ वर्षांत पहिल्यांदा तिने कडी घातली. मी हाका मारल्या. म्हणाली, संध्याकाळपर्यंत मला एकटीला राहू द्या, मग येते खाली. मला वाटलं एवढा तर तिचा हक्क आहे. पुन्हा चुकलो.

बाराच्या सुमारास जोराची सर आली आणि दार कण्हलं. तो आवाज मी ओळखतो, तूही ओळखतोस. स्लॅब दारावर येऊन बसला आहे. कडी निघत नाही, दार तसूभर हलत नाही. चौकट वाकली आहे. अग्निशमनवाले येऊन उभे आहेत. खिडकीचे गज कापायचे तर भिंत हादरेल म्हणून त्यांचा साहेबच नको म्हणतो. त्यांच्या हातात कुऱ्हाड आहे आणि त्यांना दार फोडायचं आहे. मी पाठ लावून उभा आहे, फोडू देत नाही. त्यांना वाटतं म्हाताऱ्याला वेड लागलं. त्यांना ते दार दिसतं. ते आता दार राहिलेलं नाही, टेकू झालं आहे. त्या खोलीचं छत त्या एका फळीवर तोललं आहे आणि ती आतमध्ये आहे.

लाकडं जिन्यात तयार आहेत. कापायला करवत आहे, ठोकायला माणसं आहेत. कुठला कुठे लावायचा, आणि मग हा दाराचा टेकू कधी काढायचा, तेवढं सांगणारा नाही.

ती घाबरलेली नाही. मघाशी दाराला तोंड लावून म्हणाली, "भावजींना बोलवा. टेकू कधी काढायचा ते त्यांना कळतं."

मी कागद ड्रायव्हरच्या हातात देतो आणि दाराकडे वळतो. दोन्ही हातांनी धरून ठेवतो. तू येईपर्यंत त्याला कुणाचा हातोडा लागू देणार नाही, आधी माझी बोटं लागतील.

ये.

दादा